आभाळ लाल झालं नाही तेव्हा

पोलाद वितळवताना वर जी मळी तरंगते, तिला कारखान्यात स्लॅग म्हणतात. निखाऱ्यासारखा रसरशीत स्लॅग रोज संध्याकाळी टेकाडावर ओतला जाई आणि समोरच्या वसाहतीवरचं आभाळ लालभडक होई. आई खिडकीशी बसून ते बघायची. बाबा त्याच स्लॅगच्या गाडीवर चालक होते. ते जाऊन बरीच वर्षं झाली, पण आईची खिडकी सुटली नव्हती.

आणि इंजिनीअर झालेल्या लेकीचं काम नेमकं ते ओतणं थांबवण्याचं होतं. स्लॅगवर हवेचा झोत सोडून त्याचे दाणे करायचे आणि तापलेल्या त्या हवेवर बॉयलरमध्ये वाफ करायची. इतकी वर्षं वाया जाणारी धग कामी येणार होती. पण आईला हे सांगायला तिची जीभ रेटेना.

पहिल्या चाचणीत स्लॅग पन्हळीतच थिजला. "बाई, तुमच्या यंत्राला थंडी वाजली!" फोरमन म्हणाला. सगळे हसले. तीही हसली, आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडली. नंतर तिने पन्हळ आखूड करून घेतली आणि आधी तापवून ठेवायची ठरवली. पुढच्या खेपेला स्लॅग सरसर वाहिला, वाफेचा काटा चढला. टाळ्या चालू असतानाच आईचा फोन आला.

"अगं, आज आभाळ काळंच आहे. कुणाला काही लागलंबिगलं नाही ना?"

"नाही गं. मीच ते बंद केलंय. घरी येऊन सांगते."

घरी आल्यावर तिने सगळं सांगितलं. "तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. तेवढीच बाबांची आठवण..."

"आठवण कसली डोंबलाची! उजेड दिसला की कळायचं, गाडी रिकामी झाली, आता माणूस परत येईल. तोवर जीव टांगणीला. हे गेले, पण भीती काही रिटायर झाली नाही. गाडीवर कुणाचा तरी नवरा असतोच की." आईने विचारलं, "आता त्या चालकाचं काय?"

"तो यंत्रापर्यंतच गाडी आणतो. टेकाड चढायचं नाही."

"मग बरं केलंस."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लेक घरी आली, तर दाराला कुलूप. आई शेजारणीबरोबर फिरायला गेली होती. लेकीकडे किल्ली नव्हती. यापूर्वी कधी लागलीच नव्हती. ती पायरीवर वाट बघत बसली.