चित्रपट न पाहिलेल्या घरातली तबकडी

मी एक जुनी तबकडी आहे. मित्रांनो, मला हातात घेणार असाल तर कडेने धरा. तुम्ही तसंच धराल, पण मी आपलं आधी सांगून ठेवते. माझा स्वभाव जन्मापासूनच थोडा संशयी आहे.

त्याला कारण आहे. माझ्यात एका चित्रपटाचं संगीत भरलेलं आहे. पॅरिसमधल्या एका अंधाऱ्या खोलीत वादक बसले होते, समोर पडद्यावर चित्रं हलत होती, आणि त्या चित्रांकडे बघत ते वाजवत होते. मग कारखान्यात काळा, गरम गोळा दोन साच्यांमध्ये दाबला गेला आणि मी जन्मले. सूर माझ्याकडे आले, पण चित्रं तिकडेच राहिली. तेव्हापासून मनात एक किडा वळवळतो. माणसं मला ऐकतात, की मला ऐकता ऐकता तो चित्रपट बघतात?

माझा चित्रपट फारसा चालला नाही. म्हणून लवार नदीकाठच्या सोम्यूर गावातल्या दुकानात मी स्वस्तातल्या टोपलीत पडून होते. तिथून मला सोलांजबाईंनी घेतलं. त्यांच्या यजमानांचं नाव अन्सेल्म. आपल्या नावाच्या संताचा दिवस आला की तिकडे भेट देतात. एप्रिलमध्ये संत अन्सेल्मचा दिवस येतो, त्या दिवशी त्यांना भेट द्यायची होती. दोघांनीही तो चित्रपट पाहिलेला नव्हता. घरी गेल्या गेल्या मी मनात म्हटलं, बघू, किती दिवस ऐकतात ते!

पण त्यांनी ऐकलं. अन्सेल्म पियानोचे सूर जुळवायचे. रविवारी जेवणानंतर ते कॉफीचा पेला घेऊन खुर्चीत बसत आणि दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या तुकड्याची वाट पाहत. त्यात एकटी बासरी आहे, बाकी सगळे गप्प.

"ऐक, ही बासरीवाली आता श्वास घेईल," ते म्हणायचे.

"बासरीवाली कशावरून? बासरीवाला असेल," सोलांजबाई म्हणायच्या.

"पुरुषाचा श्वास इतका नाजूक असतो का गं?"

"तुझा तर मुळीच नसतो. रात्रभर करवत चालते."

अशी वर्षं गेली. सोलांजबाईंची निष्ठा मोठी होती. रोज सकाळी चर्च. ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात त्या संगीताचाही उपवास करत. उपवासाच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, तबकडीयंत्रावर जांभळं कापड घालायचं, ते ईस्टरलाच काढायचं. मला त्या काळात छान विश्रांती मिळायची. त्या मला आतल्या कागदी पाकिटात ठेवून पाकिटाचं तोंड वर करत आणि ते बाजूने उघड्या पुठ्ठ्याच्या वेष्टनात सरकवत, म्हणजे धूळही शिरत नाही आणि मी घरंगळतही नाही.

एका वर्षी मात्र उपवासकाळ सुरू झाला आणि बाई चर्चला गेल्या गेल्या अन्सेल्मनी कापड उचललं. मला बाहेर काढलं. आवाज पूर्ण चढवला आणि सुई थेट बासरीवर टेकवली. तुकडा संपला की पुन्हा तोच. दुसऱ्या दिवशीही तेच. चेहऱ्यावर आनंद म्हणावा तर तोही नाही. मला संशय आला. हे माझ्यात खोट शोधताहेत. चौकातल्या जुन्या बाजारात मला विकायला काढायचं चाललंय!

संशय काही मला एकटीलाच आला नाही. घाईत त्यांनी माझ्या पाकिटाचं तोंड आडवं ठेवलं होतं. बाईंनी कपाट पुसताना ते पाहिलं आणि त्यांचा हात थांबला. त्यातच पाववाल्या हुगेटने त्यांना दारात गाठलं.

"सोलांजबाई, उपवास तुमचा फार कडक म्हणतात, आणि रोज सकाळी घरात जलसा! पार माझ्या भट्टीपर्यंत ऐकू येतो."

"सकाळी? सकाळी मी चर्चमध्ये असते."

"तेच म्हणते मी. तुम्ही चर्चमध्ये, तुमचे अन्सेल्म घरात. एकट्या माणसाला एवढा मोठा आवाज कशाला लागतो हो?"

बाईंनी हसून विषय टाळला. पण नदीपलीकडच्या क्लोटिल्डबाईंचा पियानो हल्ली फार वेळा बिघडत होता. विधवा बाई, मोठं घर, आणि दर आठवड्याला तिचं बोलावणं. अन्सेल्म तिकडून यायचे तेव्हा नजर चुकवायचे. जेवताना बाई विचारायच्या, "काय म्हणते क्लोटिल्ड?" तर हे बशीत बघून म्हणायचे, "हो, सूप चांगलं झालंय."

एका सकाळी बाई चर्चला निघाल्या, कोपऱ्यापर्यंत गेल्या आणि परत फिरल्या. स्वयंपाकघराच्या दाराने आत आल्या. माझ्यावर बासरी चालू होती. अन्सेल्म जमिनीवर बसले होते, दाराकडे पाठ, कपाळ ध्वनिपेटीला टेकलेलं.

"कुठंय ती?" बाईंनी विचारलं.

ते वळले नाहीत.

"अन्सेल्म, मी विचारतेय, कुठंय ती?"

तरी नाही. बाई तडक पुढे आल्या आणि त्यांनी सुई उचलली. बासरी मधेच तुटली. खोली एकदम शांत झाली. आणि मित्रांनो, अन्सेल्म तसेच बसून राहिले. कपाळ पेटीला, डोळे मिटलेले, एक बोट गुडघ्यावर हळूहळू ताल धरून. बासरी अजून यायची आहे, असं समजून ते वाट पाहत होते.

बाईंनी सुई जपून जागेवर ठेवली आणि यजमानांच्या खांद्याला हात लावला. ते दचकले.

"कधीपासून?" बाईंनी समोर बसून विचारलं.

त्यांच्या ओठांकडे बघत अन्सेल्म म्हणाले, "गेल्या शरदातल्या द्राक्षांच्या तोडणीपासून. आधी उंच सूर गेले. रोज बघतो, आज बासरी किती उरलीय ते."

"आणि क्लोटिल्ड?"

"तिचा पियानो मी दर वेळी जास्तच बिघडवून येतो. बिचारी वाद्यालाच दोष देते."

"मला का नाही सांगितलंस रे?"

"सूर जुळवणारा बहिरा झाला, हे एकाला सांगितलं की गावाला कळतं."

"मी काय गाव आहे?" बाई म्हणाल्या, आणि रडल्या.

दुसऱ्याच दिवशी अन्सेल्मनी क्लोटिल्डबाईंना खरं काय ते सांगितलं आणि सूर जुळवायचं काम सोडलं. लहान घरात राहायला जावं लागलं, जेवण साधं झालं. जांभळं कापड मात्र ईस्टरची वाट न बघता बाईंनी स्वतः उचललं. चर्चमधून आल्या की त्या मला लावत, यजमानांच्या समोर बसत, त्यांचा तळवा आपल्या हातात घेत. सूर चढला की बाईंचं बोट त्या तळव्यावरून मनगटाकडे, उतरला की बोटांच्या टोकाकडे. आणि तोंडाने सावकाश सांगत, "आता बासरी. एक मुलगी पुलावरून चाललीय. बूट हातात घेतलेत."

"चित्रपटात असं आहे?"

"मला काय माहीत! आपण कुठे पाहिलाय?"

अन्सेल्म खूप दिवसांनी हसले. "मग तिला पाण्यात पाय सोडून बसव," ते म्हणाले.

जन्मभर मला वाटायचं, माणसं मला सोडून चित्रं बघतात. इथे माझ्यातूनच चित्रं निघत होती, रोज नवी, आणि ऐकू न येणारा माणूस मला सगळ्यांत जास्त ऐकत होता.

आता ते दोघेही नाहीत. मी चौकातल्या जुन्या बाजारात एका खोक्यात उभी आहे, आणि चाळणाऱ्या प्रत्येक हाताकडे अजून संशयानेच बघते. स्वभाव जात नाही हो. पण एक विनंती आहे. मला न्याल तर पाकिटाचं तोंड वर ठेवा. आणि तुमच्या घरात कुणी आवाज फार चढवायला लागलं, विचारलं एक आणि उत्तर दिलं भलतंच, तर मनात गाठ बांधू नका. मागून हाक मारू नका. समोर जाऊन बसा आणि विचारा.