एक्केचाळीस झाडं आणि बावन्न सेंटीमीटर भराव

"आता फक्त तुमची सही राहिलीय, वहिनी," धाकटे दीर फोनवर म्हणाले. "एक्केचाळीसच्या एक्केचाळीस झाडं जागेवर आहेत. एकालाही धक्का लावला नाही."

दीर आर्किटेक्ट, मी वनस्पतिशास्त्र शिकवते. दोन वर्षांपूर्वी ते बांधत असलेल्या वसाहतीच्या जागेवरची झाडं मीच मोजली होती. बोरी, बाभळी, सगळी आपसूक उगवलेली, तिथल्याच मातीतली. प्रत्येकाचा नंबर, जात, बुंध्याचा घेर. त्यांनी खरोखरच इमारती त्या झाडांमधून वळवून बसवल्या. मी घरात चारचौघांत त्यांचं कौतुकही केलं होतं. झाडं सुरक्षित असल्याचा दाखला मी दिला, की लोकांना घरांचा ताबा मिळणार होता.

सकाळी साइटवर गेले. प्रत्येक झाडाला कुंपण होतं, नंबराची पाटी होती. तरी झाडं बुटकी दिसत होती. सात नंबरच्या बोरीची पहिली फांदी पूर्वी माझ्या डोक्याच्या वर होती. आता ती खांद्याला लागली.

"इथे भराव घातलाय?" मी मुकादमांना विचारलं.

"सगळीकडेच, मॅडम. पाणी रस्त्याकडे उतरायला नको? अख्खा प्लॉट उचलून घेतला."

"झाडांभोवतीसुद्धा?"

"कापलं नाही ना एकही?" त्यांनी बुंध्यावर कौतुकाने थाप मारली. "मातीच तर आहे. झाडाला माती चालत नाही होय?"

मी लोखंडी सळई ठोकायला लावली. जुनी जमीन बावन्न सेंटीमीटर खाली लागली. वर रोलर फिरवून दाबलेला मुरूम. झाडाची श्वास घेणारी मुळं वरच्या वीतभर मातीत असतात. ती गुदमरतात, गाडलेली साल कुजते आणि झाड दोन-तीन वर्षं साठवलेल्या अन्नावर जगून शेंड्याकडून वाळत जातं. तोवर आर्किटेक्ट दुसऱ्या साइटवर गेलेला असतो.

दीर साइट ऑफिसमध्ये होते. तिथल्या भिंतीवर नकाशा होता. त्यावर एक्केचाळीस हिरवी वर्तुळं.

"बघा, एकही हललेलं नाही," दीर म्हणाले.

"वर्तुळाला मुळं नसतात, भाऊजी. बाजूने दिसणारा छेद-नकाशा काढला होता?"

"इमारतींचे काढले."

"आणि झाडांचे?"

कपाटातून माझीच यादी काढून त्यांनी टेबलावर आपटली. "यात जमिनीची पातळी कुठे लिहिलीय? दाखवा."

लिहिली नव्हती. मला ते सुचलंच नव्हतं.

"ही माझी चूक. पण ती झाकायला गाडलेल्या झाडांना सुरक्षित म्हणू?"

"अहो, आईने त्या सात नंबरसमोरचं घर घेतलंय! जुनं घर विकून बसलीय ती. तिला काय सांगू?"

"आईंना मी सांगते."

"सही दुसऱ्याचीही मिळते, वहिनी."

"मिळेल ना. तुम्ही ती घेऊन पालिकेत जा, मी ही मापं घेऊन त्याच खिडकीवर येते. रांगेत पुढे तुम्हीच उभे राहा, मोठेपणा तुमचा."

त्यांना हसू आलं नाही. मलाही विनोद करायचा नव्हता. झाडं तोडणाऱ्याशी निदान भांडता येतं. इथे सगळे कौतुकाची वाट बघत होते.

त्यांनी यादी माझ्याकडे सरकवली. "काय करायचं ते सांगा."

"मशीन बंद. फांद्यांच्या घेराएवढा भराव हाताने काढायचा, जुनी जमीन उघडी करायची, कडेने दगडी कठडा. पावसाचं पाणी साचणार नाही अशी वाट ठेवायची."

"ताबा तीन महिने पुढे जाईल. लोक मला फाडून खातील."

"लोकांना खरं सांगा. मी येते सोबत."

दुपारपर्यंत चार मजुरांनी सात नंबरचा बुंधा मोकळा केला. मी गुडघे टेकून साल बघितली. ती काळी, ओली झाली होती. नखाने ओढली तशी तळहाताएवढी निघून आली. बुंध्याभोवती फेरी मारून बघितलं, सगळीकडे तेच. भरावावर एक पावसाळा होऊन गेला होता.

मी वहीत लिहिलं: सात, वाचणार नाही.

"पानं हिरवीगार आहेत अहो!" दीर ओरडले. "निदान हे तरी वाचणाऱ्यांत धरा. आईच्या खिडकीसमोरचं आहे."

"घरच्यांसाठी म्हणून तर मुळीच धरता येत नाही," मी म्हणाले आणि मजुरांना आठ नंबरचं झाड दाखवलं.