चावी कोणाच्या कनवटीला?

मी एक जुनं पितळी कुलूप आहे. मित्रांनो, देवळाच्या दाराला लागलेली माझी भावंडं भाग्यवान. पहाटे काकडआरतीच्या वेळी पुजारी त्यांना नमस्कार करून उघडतो. माझ्या नशिबी ते नव्हतं. अलीगडच्या कारागिराने मला घडवलं, जळगावच्या एका डाळमिलच्या मुकादमाने विकत घेतलं आणि बायकांच्या संडासाच्या दाराला अडकवलं. आत चोरण्यासारखं काय होतं? एक बादली आणि एक डबा.

मुकादमाचं नाव भटूनाना. चावी त्यांच्या धोतराच्या कनवटीला. तूर निवडणारी बाई उठली की सगळ्या हमालांदेखत तिने त्यांच्यापुढे हात पसरायचा.

"नाना, चावी द्या."

"आत्ताच तर गेली होतीस! बाई आहेस का नळ?"

हमाल हसायचे. बाई मान खाली घालून सुपापाशी परत यायची.

म्हणून बायका पाणीच पीत नसत. देवासाठी धरलेला निर्जळी उपवास मला समजतो, त्याला पारणं असतं. या उपवासाला ना देव होता, ना पारणं. सुपं पाखडणारी सलीमा म्हणायची, "अक्का, रमजान तो एक महिना. अपना रोजा बारा महिने."

ती जिला अक्का म्हणे ती पिंप्राळ्याची कौतिक. तोंडाची तिखट, मनाची खरी. एका उन्हाळ्यात सलीमा लघवीच्या त्रासाने, तापाने फणफणून डाळीच्या ढिगावरच आडवी झाली. कौतिकने सूप आपटलं आणि ती माझ्या दारापुढे येऊन बसली. मागोमाग सगळ्या आल्या. मिल थांबली, शेठ धावत बाहेर आले आणि भटूनानांना कनवट सोडावी लागली. कौतिकने मला काढलं, पदराने पुसलं आणि पिशवीत टाकलं.

"दार आमचं. आता कुलूपही आमचं."

मग माझे मानाचे दिवस आले. धुळ्याचा मोर्चा असो की एरंडोलची सभा, कौतिक मला उंच धरायची. "बघा! बाईच्या मुताला सुद्धा यांचं कुलूप!" तो शब्द मला जरा जड जायचा, पण खोटा नव्हता. दसऱ्याला ती मला हळदकुंकू लावून झेंडूचं फूल वाहायची. पुढे ती नगरसेविका झाली. मी काचेच्या कपाटात तिच्या सत्काराच्या ढालींशेजारी गेलो. तेलाचा थेंब मिळेना. त्याची तक्रार नाही. ज्याची आहे, ती सांगतो.

भाजीबाजारात बायकांसाठी स्वच्छतागृह बांधायला तिने खेटे घातले. ते श्रेय तिचंच. पांढऱ्या फरशा, नळाला पाणी, आतून कडी. बांधून झालं आणि तिने कपाट उघडलं. मला वाटलं, पूजा करणार.

तिने मला त्या दाराला लावलं.

"उद्घाटन भाऊंच्या हस्ते," ती ठेकेदाराला म्हणाली. "याच कुलपात भाऊ चावी फिरवतील. फोटो काय येईल!"

भाऊ म्हणजे तिच्या पक्षाचे पुढारी, पुढच्या निवडणुकीचं तिकीट त्यांच्या हातात होतं. चावी तिने कनवटीला खोचली.

भाऊंची तारीख मिळेना. श्रावण सरला, गणपती गेले. भाजीवाल्या बायका मालट्रकांच्या आडोशाला जायच्या, एकीने पदर धरायचा, दुसरीने बसायचं. आणि मी कोऱ्या फरशांची राखण करत लटकलेला. मला माझ्याच पितळेची किळस आली. भटूनाना निदान दहादा मागितल्यावर चावी देत तरी होते.

सलीमा आता त्याच बाजारात लिंबं विकते. माझ्या कडेचा पोचा पाहून तिने मला ओळखलं आणि कौतिकला निरोप धाडला. कौतिक स्कूटीवरून आली, गॉगल कपाळावर.

"अक्का, पहचाना इसको?"

"अगं, आपलंच ते! मुद्दाम लावलंय."

"चावी किसके पास?"

"माझ्याकडे."

"फिर भटूनाना कौन?"

बाजारात कुणीतरी फिस्सकन हसलं. कौतिकचा चेहरा उतरला. "सलीमा, तोंड सांभाळ. तुमच्यासाठीच बांधलंय ना? भाऊंची तारीख मिळाली की उघडते."

मेथीच्या जुड्या मांडून बसलेली एक म्हातारी म्हणाली, "पानी बी तारीख देखीसन पेवानं का वो माय?"

 सलीमाने पाण्याची बाटली उचलली आणि दारापुढे उभं राहून घटाघटा रिकामी केली. मग मेथीवाली प्यायली. मग मिरचीवाली, मग झाडूवाल्या. दिवसभर घोटभर पाण्यावर राहणाऱ्या त्या बायका पोट भरून पाणी प्याल्या आणि रांगेत उभ्या राहिल्या.

"अब खोल, अक्का."

कौतिकचा हात कनवटीकडे गेला. मी पाहिला. त्याच वेळी तिचा फोन वाजला.

"हो भाऊ... नाही भाऊ, कुणी हात नाही लावला. कुलूप तसंच आहे, भाऊ..."

सलीमाने मिरचीवालीचं लोखंडी वजन उचललं. एक घाव, दुसरा घाव, आणि दाराचा कोयंडा उखडून मी त्याच्यासकट चिखलात पडलो. दार उघडलं. कौतिक फोन कानाला लावून उभीच होती.

मित्रांनो, आज मी सलीमाच्या लिंबांच्या पोत्यावर पडून असतो. उखडलेला कोयंडा अजून माझ्या कडीत अडकलेला. चावी कौतिकच्या कनवटीला आहे, ती मला न्यायला आली नाही. तिने येऊ नये. तुमच्या घरच्या कुलपांना वरचेवर तेल घाला, त्यांना गंजू देऊ नका. पण कुणी तुमच्यासाठी दार बांधलं म्हणून सांगितलं, तर फुलं वाहण्याआधी त्याची कनवट चाचपून बघा.

मी अजून बंदच आहे. दार मात्र उघडं आहे, आणि सलीमाच्या हाताशी पाण्याची बाटली भरलेली असते.