खाली कर

सत्तावन्न साली वडीगोद्रीजवळच्या बंधाऱ्यावर बन्सीलाल कंत्राटदाराने पुढे लोखंडी सूप बसवलेला लहान ट्रॅक्टर आणला, तेव्हा कोण कौतुक झालं! वीस बायांची माती एकटा उचलतो म्हणे. उतारावर तो किती सहज कलंडतो, हे मात्र शेटजींना कुणी सांगितलं नव्हतं. ते कडूबा ड्रायव्हर मेला तेव्हा कळलं.

मुकादम श्रीपती खाली उभा राहून त्याला इशारे द्यायचा. त्या दिवशी ट्रॅक्टर उतारावर, सूप मातीने भरलेलं आणि उंच उचललेलं. श्रीपती ओरडला, "खाली कर!" सूप उतरव, असं त्याच्या मनात. पण निजामाच्या जुन्या मुलखात खाली म्हणजे रिकामंही. कडूबाने वरच्या वर सूप पालथं केलं. ओली काळी माती एका अंगाला चिकटून राहिली, तोल गेला आणि कडूबा यंत्राखाली चेंगरला.

"कडूबानं मुकादमाचं ऐकलं न्हाई," लोक म्हणाले. श्रीपतीने मान डोलावली.

तेव्हापासून तो शब्द हात धुऊन त्याच्या मागे लागला. कंडक्टर म्हणे, "सीट खाली है," की याला घाम. बायको म्हणे, "रांजण खाली झाला," की हा ताटावरून उठे. त्याच्या तोंडून तर तो निघेचना. इशारे तो हातानेच भागवू लागला.

कडूबाची बायको साळूबाई तिथेच माती वाहायची. त्याच्याशी आदराने बोलायची. त्याला तिची फार भीती वाटे.

पोळ्यानंतर नवा ड्रायव्हर आला, गजानन. एका दुपारी त्यानेही भरलेलं सूप वर धरून ट्रॅक्टर उतारावर घातला. ऊन त्याच्या डोळ्यांवर, श्रीपतीचा हात त्याला दिसेना. श्रीपतीने तोंड उघडलं. वर कडूबाच बसलाय आणि वाट बघतोय, असं त्याला दिसलं. आवाज फुटेना. मागचं चाक जमीन सोडू लागलं.

"आरं, सूप उतरीव!" साळूबाईने आरोळी ठोकली.

गजाननने सूप जमिनीला टेकवलं. ट्रॅक्टर सावरला.

श्रीपती मटकन मातीत बसला. साळूबाई तांब्या घेऊन आली.

"दादा, त्ये गेले तवा तुमी ह्येच वरडला होता ना?"

नुसती मान डोलावली असती तरी भागलं असतं.

"न्हाई. 'खाली कर' म्हणलो होतो."

तिने तांब्या मातीत टेकवला.

"मंग त्यायनं तुमचं ऐकलं होतं," ती म्हणाली.