उलटा हत्ती

रुमाल तोंडात कोंबूनही खोकला बाहेर पडलाच. पंचांनी तिसऱ्यांदा वळून पाहिलं, तसा म्हातारा मुकाट्याने उठला आणि व्हरांड्यात गेला. खिडकीचं एक तावदान अर्धवट उघडं होतं. तिथून त्याच्या मुलीची पाठ आणि तिच्यासमोरचा बुद्धिबळाचा पट, दोन्ही दिसत होतं.

रंगाच्या कारखान्याला आपल्या संघासाठी एकच खेळाडू हवा होता. हा डाव जिंकेल त्याला पक्की नोकरी, आणि आईवडिलांना कारखान्याच्या दवाखान्यात फुकट उपचार. म्हाताऱ्याने तिथेच सव्वीस वर्षं रंगाची पिंपं ढवळली होती, पण कंत्राटावर. फुफ्फुसं कारखान्याला गेली, दवाखाना काही वाट्याला आला नाही.

मुलीच्या घड्याळात मिनिटही उरलं नव्हतं. तिचं प्यादं शेवटच्या घरात पोचलं. आता त्याचा वजीर केला की समोरच्या राजाला तिरका शह, आणि डाव खिशात! म्हाताऱ्याने खिडकीचा गज घट्ट धरला.

तिचा मारला गेलेला वजीर पटाशेजारी नव्हता. समोरचा चष्मेवाला तो मुठीत घोळवत बसला होता. मुलीचा हात क्षणभर चाचपडला. मग तिने बाजूला पडलेला हत्ती उचलला, उलटा करून ठेवला आणि घड्याळाची कळ दाबली.

म्हाताऱ्याला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. घरी मेलेल्या सोंगट्या कुठेही घरंगळायच्या, आणि त्या शोधत बसायचा त्याला भारी कंटाळा. हाताला लागेल तो हत्ती उलटा ठेवायचा, झाला वजीर. ती सात वर्षांची असताना त्यानेच शिकवलं होतं.

चष्मेवाल्याने हात वर केला. पंच आले.

"वजीर केलाय मी," मुलगी म्हणाली.

"वजीर हवा होता तर घड्याळ थांबवून मागायचा. उलटा ठेवला तरी हत्ती तो हत्तीच."

"पण सर, सगळे असंच..."

"घरी. इथे नाही."

हत्तीला तिरकं जाता येत नाही, म्हणजे शह नव्हताच. चष्मेवाल्याचंही एक प्यादं शेवटून दुसऱ्या घरात टेकलेलं होतं. त्याने ते पुढे सरकवलं आणि त्याच्या जागी आपला वजीर सरळ, नीट मध्यभागी ठेवला. दोन खेळ्यांनंतर मुलीने हार मानून हात पुढे केला.

म्हातारा खिडकीपासून दूर झाला आणि जिना उतरला. ती खाली आली तेव्हा तो फाटकाजवळच्या बाकावर बसलेला होता.

"तुम्ही कधी आलात बाहेर?"

"केव्हाच. खोकला बसू देईना. काय झालं?"

ती वाकली आणि चपलेचा पट्टा उगाचच सोडून पुन्हा लावू लागली.

"वेळ संपली, बाबा. डाव हातात होता. घड्याळाकडे लक्षच राहिलं नाही."

मी पाहिलं गं सगळं, माझंच चुकलं, असं अगदी त्याच्या ओठांवर आलं. पण जिना उतरता उतरता पोरीने एवढं खोटं जुळवून आणलं होतं. ते मोडायचं कसं?

"किती वेळा सांगितलं, घड्याळ बघत जा म्हणून!" तो ओरडला. "डोकं ठिकाणावर असतं का कधी तुझं?"

"चुकलं, बाबा."

ओरडण्याने पुन्हा उबळ आली. ती शेजारी बसली आणि उबळ थांबेपर्यंत त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.