उताऱ्याबाहेर पाय

केसानं गळा कापणं कशाले म्हणतात, ते मीच आठवीले वाक्प्रचारात शिकवलं होतं. अर्थ सांगतला, वाक्यात उपयोग करून दाखवला अन् पुढं गेली. आता कोणी विचारलं तं उपयोगासाठी माह्याजवळ आख्खी गोष्ट आहे. ती मी पुस्तकी भाषेत सांगणार नाही. शुद्ध बोलाचं ते वर्गात. राग आला का माह्या तोंडात आपली वऱ्हाडीच येते.

मी पौर्णिमा. माहेर अकोल्याचं. नांदगाव खंडेश्वरपासून आठ किलोमीटरवर एका खेड्यातल्या शाळेत मराठी शिकवते. शिक्षणसेवक आहे. म्हणजे तीन वर्षं कमी पगारात राबाचं, अन् शेवटी हेडमास्तरानं चांगला अहवाल देला तं कायम, नाही तं घरी. माहे तीन वर्षं या मार्चात भरत होते. तिकडून अकोल्याहून बाबा रोज संध्याकाळी फोन करून एकच विचारत, "झालं का वं कायमचं?" मी म्हणो, होते बाबा, होते.

हेडमास्तर महादेवराव गावंडे. माणूस असा गोड का त्याच्या चहात साखर टाकाचं काम नाही. मी नोकरीवर आली तवा खोली त्यायनंच पाहून देली. त्याईच्या घरच्या लीलाबाई काकूनं पंधरा दिवस मले डबा पोचवला. सर मले पोरी म्हणत. "पोरी, तू माही लेकच हायेस. कायमचं टेन्शन काहून घेतं? सही मलेच कराची हाय ना?" मी त्या माणसावर मान टाकून मोकळी झाली होती.

आता माह्या शिकवण्याचं सांगते, कारण घोळ तिथंच आहे. आमच्या लेकराईले उत्तर लिहाले लावलं का ते भाषणच ठोकत. प्रश्न काय, तं उताऱ्यातला दुकानदार प्रामाणिक होता का? लेकरू लिहिणार, प्रामाणिकपणा हा थोर गुण आहे, आपण सर्वांनी तो अंगी बाणवावा. दोन मार्काले दीड पान! अन् दुकानदाराचा पत्ताच नाही. मी म्हटलं, बस झालं. यापुढं तीन ओळी. पहिल्या ओळीत उत्तर. दुसरीत पुरावा, उताऱ्यातली ओळ कितवी त्या आकड्यासकट. तिसरीत तो पुरावा काहून पुरतो ते. अन् नियम एकच, उताऱ्याबाहेर पाय ठेवाचा नाही. तुमाले काय वाटते, तुमचा मामा काय म्हणे, ते घरी ठेवून याचं.

लेकराईले ते असं लागलं का विचारू नका. कोणी काही बोललं का आख्खा वर्ग ओरडे, "कुठं लिहिलंय?" श्याम नावाचं पोट्टं एक दिवस म्हणे, मॅडम मले ताप हाय, तं बाकीचे म्हणे, "कोणत्या ओळीत?" मीही हसली होती.

सगळ्यात तयार झाली ती आकांक्षा. किशोरभाऊची पोरगी, फुलकोबी अन् मेथी लावणाऱ्या घरची. सकाळी वावरात भाजी खुडून मंग शाळेत येणार, नखात माती, पण उत्तर असं मोजून-मापून का एक शब्द काढता येत नाही. तिची वही मी दुसऱ्या वर्गाईत नेऊन दाखवो. वर्गात आवडतं-नावडतं करू नाही म्हणतात. मी केलं. ती पोट्टी मले पोटच्या लेकरासारखी होती.

जानेवारीत वरून चाचणी आली. सकाळीच सर म्हणे, "पोरी, आठवीच्या पर्यवेक्षणाच्या कागदावर सही करून ठेव अन् तू सातवीवर जाय, तिकडं माणूस नाई. आठवी मी पाहतो." मी सही ठोकली. दिवसभर पुरावा-पुरावा करणारी मी, पण तिथं एक शब्द विचारला नाही. बापानं सांगतलं तं लेक कारण विचारते का?

पंधरा दिवसानं तालुक्याहून पत्र आलं. आठवीचे छत्तीसच्या छत्तीस पेपर एकसारखे, चुकासुद्धा एकसारख्या. कोणीतरी फळ्यावर उत्तरं लिहून देली, चौकशी होणार. मी ते पत्र घेऊन सरांकडं पळत गेली. "सर, आठवीवर तं तुमी होते न जी?"

सर हसले. "अवं, निकाल पार खाली दिसून राहिला होता. थोडी मदत केली लेकराईले. मी सांभाळून घेतो. तू फक्त तोंड उघडू नको. तुहा अहवाल टेबलावरच हाय." मी गप बसली. हो, बसली. मले नोकरी पाहिजे होती.

दोन हप्त्यानं, सोमवारी, विस्तार अधिकारी चौकशीले आले. हेडमास्तरच्या खोलीत मले बोलावलं. सर खुर्चीत बसले होते अन् खिडकीबाहेर पाहून राहिले होते. टेबलावर पर्यवेक्षणाचा तो कागद, खाली माही सही. साहेबानं कागदाचा एक गठ्ठा माह्याकडं सरकवला. "मॅडम, हे विद्यार्थ्यांचे लेखी जबाब, मुख्याध्यापकांनी शनिवारी घेतलेले. तुमचं काय म्हणणं आहे?"

सगळ्यात वरचा आकांक्षाचा होता.

"उत्तर : चाचणीच्या दिवशी फळ्यावर उत्तरे पौर्णिमा मॅडमनी लिहिली. पुरावा : मॅडमनी दार लावून सर्व उत्तरे क्रमाने लिहिली (ओळ ४). कारण : वर्गात दुसरे कोणी शिक्षक नव्हते (ओळ ६), म्हणून ती मॅडमनीच लिहिली."

अरे देवा! खालचा काढला, तेच. त्याच्या खालचा, तेच. छत्तीस कागद, छत्तीस वेळा माहं नाव, अन् एकही शब्द जास्तीचा नाही. आपलेच दात अन् आपलेच ओठ. सरांच्या तोंडाकडं पाहिलं तं वाटलं, काकूच्या त्या पंधरा डब्याईचं खाल्लेलं सगळं तिथंच ओकून द्यावं.

रडू आलं होतं. पण डोळा त्या कंसाईवर अडकला. ओळ चार. ओळ सहा.

"साहेब," मी म्हटलं, "डोळ्यानं पाहिलेल्या गोष्टीत ओळी कुठून आल्या? कोणीतरी लेकराईले छापील उतारा देला आहे. हे जबाब नाहीत, उताऱ्यावरचे प्रश्न आहेत."

साहेबानं दहा-बारा कागद उलटून पाहिले. सगळ्याईत ओळ चार, ओळ सहा. सरांनी मान वळवली. तीन वर्षांत ते कधी माह्या वर्गात येऊन बसले नव्हते, म्हणून ते आकडे त्याईच्या ध्यानातच आले नव्हते.

"मुद्दा आहे तुमचा," साहेब म्हणाले. "पण एका तरी मुलानं तसं लेखी दिलं पाहिजे. ज्याच्यावर तुमचा भरवसा आहे असं एक मूल आणा. त्यानं खरं लिहिलं, तर हा गठ्ठा मी बाजूला ठेवीन."

मी एका दमात म्हटलं, "आकांक्षा."

तिले वर्गातून मी सोता आणली. वरांड्यात थांबवली. "शनिवारी सरांनी काय देलं वं तुमाले?"

"उतारा देला, मॅडम. सर म्हणे सराव हाय, तुमच्या मॅडमले खुशी होईन."

"त्यात माहं नाव होतं?"

"हो."

"अन् फळ्यावर खरं कोणं लिहिलं, ते तुले माहीत होतं?"

"माहीत होतं न. सरांनी."

"मंग असं काहून लिहिलं वं माय!" मी जवळजवळ ओरडलीच.

ती गोंधळली. "मॅडम, तुमीच तं सांगता. मांगं त्या फुलकोबीच्या उताऱ्यात रोज पानी द्या म्हणून होतं. मी लिवलं का रोज पानी देलं तं मुळं सडते, आमच्या वावरात सडले होते. तुमी मले शून्य देलं. म्हणे, वावरातलं वावरात, उताऱ्यात कुठं लिहिलंय?"

मले ते शून्य आठवतही नव्हतं. थोबाडीत बसल्यासारखं झालं. मी तिचे दोन्ही हात धरले. "चुकलं माहं. ऐक, आता उतारा-बितारा काही नाही. तू डोळ्यानं पाहिलं तेवढंच लिही. तू लिहिलं तं मी कायम होईन, नाही तं मले इथून जा लागते. समजलं?"

"हो, मॅडम."

आत गेलो. साहेबानं कोऱ्या कागदावर प्रश्न लिहून तिच्यापुढं ठेवला: फळ्यावर उत्तरे कोणी लिहिली? स्वतः पाहिलेले लिहावे. तेवढ्यात सर गोड आवाजात म्हणे, "बस बेटा, बस. अन् किशोरभाऊले सांग, तुह्या शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर माही सही बाकी हाय. उद्या पाठवून दे म्हणा." साहेब घड्याळ पाहून राहिले होते. त्याईले त्यात काही वावगं वाटलं नाही.

आकांक्षानं सरांकडं पाहिलं. मंग माह्याकडं. मी मान हलवली. तिनं पेन उचललं अन् लिहून टाकलं, लय वेळ लागला नाही. साहेबानं वाचलं, कपाळाले आठ्या घातल्या अन् कागद माह्याकडं देला.

"उत्तर : फळ्यावर उत्तरे कोणी लिहिली हे सांगता येत नाही. पुरावा : सोबत उतारा दिलेला नाही. कारण : उताऱ्यात नसलेले आपण लिहीत नाही."

"मॅडम, मग मला आधीचेच छत्तीस धरावे लागतील," साहेब म्हणाले, अन् गठ्ठ्याले दोरी बांधाले लागले. सरांनी बेल मारून चहा सांगतला.

सर तं पक्का हरामखोर निघाला, त्याचं मले आता नवल नाही. पण ही पोट्टी! भ्याली, हे मले दिसत होतं. त्याच माणसाच्या सहीले भेऊन मीही पंधरा दिवस तोंड शिवून बसलीच होती न. तरी काळजाले जे लागलं ते तिचंच लागलं. खोटंही लिहाचं नाही अन् खरंही लिहाचं नाही, अशी सुटाची वाट तिनं बरोबर काढली, अन् ती काढाले तिले सहा महिने मी शिकवलं होतं.

मी तो कागद दोनदा वाचला. आकांक्षा माह्या बाजूलेच उभी होती, दोन्ही हात मांगं बांधून. हळूच म्हणे, "मॅडम, बरोबर हाय न?"

अन् मले नाही म्हणता आलं नाही.