जिथं फुलं उडाली तिथं

ऋतुजाच्या लग्नात पहिलं रक्त सांडलं ते फोटोग्राफरचं. पिंगळीच्या धम्मपालचं त्या मांडवात कुणाशीच वैर नव्हतं. पण खुर्ची फेकणाऱ्याला एवढी चौकशी करायला सवड नसते. खुर्ची भुवईवर बसली, धम्मपाल स्टुलावरून खाली आला आणि शर्टाची पुढची बाजू लाल झाली. कॅमेरा मात्र स्टँडवर उभाच राहिला. पुढची सगळी मारामारी त्यानं एकट्यानं, न डगमगता टिपली.

मी नवरीचा चुलता, शिवप्रकाश. पूर्णा स्टेशनावर माइकवरून गाड्यांची खबर देण्यात माझी सगळी नोकरी सरली. वाईट बातमी गोड आवाजात सांगायची सवय असल्यामुळं पोखर्णीच्या मंगल कार्यालयातही माइक माझ्याच हातात होता. अक्षता पडल्या होत्या, लग्न लागलं होतं, मानाच्या शाली चालू होत्या. मी नवऱ्याकडच्या मधल्या जावयाचं नाव आधी घेतलं आणि नवऱ्याच्या चुलत्याचं, भुजंगचं, नंतर. नवऱ्याला, राजेश्वरला, बाप नाही. त्या घरात बापाच्या जागी हा चुलताच. तो आडवातिडवा माणूस, मनगट लाकडाच्या ओंडक्यासारखं.

"आधी जावई आन् मंग मी?" म्हणत तो स्टेजवर आला आणि त्यानं नवरीच्या बापाच्या, म्हणजे माझ्या धाकट्या भावाच्या, गुरुपादच्या गळपट्टीला हात घातला.

त्यानंतर काय झालं ते नीट कुणालाच दिसलं नाही, कारण जो तो स्वतःच्या वाट्याचं करण्यात गुंतला होता. आमच्या मेहुण्यानं त्यांच्या जावयाच्या तोंडावर नारळ मारला. जावयाचा पुढचा दात शालीवर पडला. वाढप्यांपैकी कुणीतरी उकळत्या वरणाचं ओगराळं फिरवलं आणि चारसहा जण एकदम ओरडले. एकानं दुसऱ्याचं डोकं स्टेजच्या पायरीवर आपटलं; नारळ फुटतो तसाच आवाज आला, पण नारळ नव्हता. मी माइकवरून सवयीनं म्हणालो, "कृपया लक्ष द्या. मारामारी थोड्याच वेळात थांबेल. होणाऱ्या गैरसोयीबद्दल खेद आहे." तेवढ्यात माझ्याही पाठीत लाथ बसली.

आणि मारामारी खरंच थांबली. गुरुपादनं गळ्याला हात लावला आणि किंचाळला, "माझं लिंग!"

आम्हा लिंगायतांच्या गळ्यात इष्टलिंग असतं, चांदीच्या डबीत, दोऱ्यात बांधलेलं. ते गळ्यात नसलं तर माणूस पाण्याचा घोट घेत नाही. दोरा तुटून डबी कुठंतरी घरंगळली होती. झालं. ज्याच्या हातात ज्याचे केस होते त्यानं ते सोडले आणि दोन्हीकडची माणसं गुडघ्यांवर रांगायला लागली. रक्ताळल्या नाकांचे लोक एकमेकांना "जरा सरका की मालक" म्हणू लागले. डबी सापडली नवऱ्याच्या आईला, चन्नबसम्माला, एका उलट्या खुर्चीखाली. तिनं ती पदरात घेतली, कपाळाला लावली, गुरुपादच्या ओंजळीत दिली. त्यानं गाठ मारून गळ्यात घातली, हात जोडले. सगळ्यांनी हात जोडले.

आणि मग राहिलेली मारामारी पूर्ण केली.

संध्याकाळी वऱ्हाड नवरीला न घेताच परभणीला गेलं. जाताना चन्नबसम्मानं जीपच्या खिडकीतून सांगितलं, "पैला हात ज्यानं उचलला, त्याच्या घरासंगं आमचा संबंध संपला. आदी ते ठरू द्या."

"ठरवा की!" कपाळाला हळद दाबून गुरुपाद ओरडला. "कॅमेऱ्यात सगळं हाय. सगळ्यांच्या म्होरं लावू!"

धम्मपालनं भुवईला टाके पडल्यावर फुटेज पेन ड्राइव्हमध्ये भरून आमच्या दारात ठेवलं. "तुमीच जोडा काका," तो म्हणाला. "मला ते बघितलं की पुन्हा लागायलंय."

व्हिडिओ जोडायचं मला यायचं, म्हणजे येऊ लागलं होतं. निवृत्तीनंतर लॅपटॉपवर ते शिकायचा मी सपाटा लावला होता. दोन तुकड्यांच्या मधे काय काय घालता येतं म्हणता! चित्र विरघळतं, पान उलटतं, पडदा सरकतो, बदामाच्या आकारातून पुढचं दृश्य उगवतं. मी घरच्या कार्यक्रमाच्या शूटिंगवर सगळे प्रकार लावून पाहिले होते. बायको पोळ्या लाटताना तिच्या तोंडातून बदाम काढला, तेव्हा तिनं लाटणं फेकून मारलं होतं. नेम चांगला आहे. पण कला सोडली नाही.

ऋतुजा आली ती मी फुटेज उघडून बसलो असताना. हातावरची मेंदी अजून काळी होती. दार लावून म्हणाली, "मोठे बाबा, पैला हात माझा हाय."

"काय म्हणायलीस?"

"त्यानं बाबांची गळपट्टी धरली, म्या त्याच्या थोबाडीत दिली. हिरव्या चुड्याच्या हातानं. बाबांना ठाव न्हाई, राजेश्वरला ठाव न्हाई. पोरीच्या हातची खाल्ली म्हणून त्योबी कुणाला सांगंना. लिंगाचा दोराबी त्यानंच तोडला, पर त्यो म्हणतोय, दोरा नंतरच्या धकलाधकलीत तुटला. माझं कोण ऐकतंय?" मग आवाज उतरला. "राजेश्वर चोरून फोन करायलाय. मला त्याच्या घरी जायचंय. सासूनं ते बघितलं तर मेलेच मी. तेवढं काढा की."

मी तो तुकडा पाहिला. खरंच होतं. भुजंगचा हात गळपट्टीकडं, लगेच ऋतुजाचा हात, आणि भुजंगच्या डोक्यावरचा फेटा तिरका. अशी सणसणीत थप्पड मी उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती. पुढं लगेच गर्दी. सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत. तिचा हात मारण्याआधीच उठलेला दिसत होता म्हणून मी कात्री आणखी थोडी मागं मारली आणि जोडावर फुलांचा वर्षाव लावला. गुलाबाच्या पाकळ्या वरून पडतात, पडदा भरून जातो, आणि फुलं ओसरतात तेव्हा थेट धम्मपाल जमिनीवर. सुंदर जमलं.

पण एकाच ठिकाणी फुलं पाहून कुणीही ओळखलं असतं. संशय नको म्हणून मी सगळ्या व्हिडिओत इफेक्ट पेरले. स्वामी मंत्र म्हणताना तारा. नवऱ्याची बहीण ओवाळताना बदाम. पंगतीत भात वाढताना पान उलटणं. इतके पेरले की कॅमेऱ्याला उचकी लागल्यासारखं वाटावं.

बैठक पूर्णेत गुरुपादच्या माडीवर ठरली. दोन्हीकडची माणसं आली, कुणाच्या डोक्याला पट्टी, कुणाचा हात गळ्यात, जावयाच्या तोंडात मधे खिडकी. भिंतीला काठ्या टेकवलेल्या. कुणी विचारलं तर सगळ्यांचेच गुडघे दुखत होते. भुजंग पहिल्या रांगेत मांडी ठोकून बसला. ऋतुजा आतल्या दारात. नवरदेव राजेश्वर आईच्या मागं, दाराकडं बघत. मी लॅपटॉपची वायर टीव्हीला जोडली आणि सनई लावली.

स्वामी आले, तारा फुटला. ओवाळणीचा बदाम आला. मग शाली आल्या, भुजंग स्टेजकडं निघाला, आणि धो धो फुलं पडली. फुलांमागून धम्मपाल रक्तात पडलेला निघाला.



"शिवप्रकाश," चन्नबसम्मा म्हणाली, "ही फुलं कामून पडली?"

"शोभेसाठी, वैनी."

"मारामारीला शोभा?"

"म्हंजे त्याच्याखाली काई तरी हाय," दात पडलेला जावई फुसफुसला. मग त्याला सुचलं. "थांबा! मंग माझी बायको ओवाळू लागली तवा बदाम आला, त्याच्याखाली काय हाय? तिला कोन मारलं?"

"कोन मारंल तिला?" गुरुपाद म्हणाला.

"मंग बदाम कशाला? जिथं मारलं तिथं यानं फुलं टाकली! भाताच्या वक्ती पान उलटलं, तिथं कोन पडलं? आन् स्वामींच्या तोंडावर तारा?"

"स्वामींना बी मारलं?" मागून कुणीतरी किंचाळलं.

"अहो, कुणी नाही मारलं! तो नुसता तारा..." मी म्हणालो. पण नुसत्या ताऱ्यावर आता कुणाचा विश्वास राहिला नव्हता. ज्या ज्या ठिकाणी मी कला केली होती, त्या त्या ठिकाणी एकेक गुप्त मार निघाला आणि प्रत्येक माराला एकेक मालक. जावयानं आमच्या मेहुण्याच्या कानशिलात ठेवून दिली, बायकोच्या बदामाबद्दल. मेहुण्यानं त्याची पट्टी ओढली, टाका उसवला, रक्त मानेवर उतरलं. काठ्या भिंतीवरून उठल्या. एक काठी पंख्यात गेली आणि पंख्याचं पातं खाली येऊन गुरुपादच्या खांद्यात रुतलं. ज्यांना लग्नात काहीच लागलं नव्हतं, तेसुद्धा भात-वाढणीचा सूड घेऊ लागले. भुजंगनं मला मानेला धरून लॅपटॉपवर दाबलं, "काय झाकलंस? काढ! यांचा पैला हात झाकलास न्हव?" माझ्या नाकाचं हाड लॅपटॉपच्या बटणावर बसलं आणि पडद्यावर पुन्हा फुलं पडायला लागली.

"थांबा!" ऋतुजा दारातून मधे आली. एक काठी तिच्या दंडावर बसली तरी ती हलली नाही. "पैला हात माझा हाय. म्या मारलं या माणसाला. थोबाडीत. काढा मोठे बाबा ती फुलं."

गुरुपाद खांदा धरून पोरीकडं बघतच राहिला. राजेश्वरचं तोंड पांढरं पडलं. भुजंगनं माझी मान सोडली, आणि तो हसला. "ऐकलंस वैनी? आपल्याच तोंडानं कबूल. चला, उठा. सोडचिठ्ठीचं बघू."

"बसा," चन्नबसम्मा म्हणाली. "मला बघायचंय."

मी फुलं काढली. नाकातलं रक्त बटणांवर ठिबकत होतं, पण हात सवयीचे होते. मूळ तुकडा जोडला, चालवला. थप्पड आली, फेटा तिरका झाला, तुकडा संपला.

"लय पटकन झालं," ती म्हणाली. "हळू होतंय का?"

हळू होतं. ते मी फक्त हाराला वापरलं होतं, नवरीनं हार घालताना. मारामारीला सुचलंच नव्हतं. वेग उतरवला. सनईही रेंगाळत रेंगाळत गळा काढू लागली. पडद्यावर भुजंगचा हात पाण्यातून यावा तसा आला. गळपट्टीपाशी आला, गळपट्टीच्या आत शिरला, बोटं दोऱ्यात अडकली, मूठ मिटली. दोरा ताणला. दोरा तुटला. डबी गुरुपादच्या सदऱ्यावरून चमकत खाली गेली. मग, त्यानंतर, ऋतुजाचा हात उठला.

हे मीही पहिल्यांदाच बघत होतो. फुलांना जोडाच्या दोन्ही बाजूंचं चित्र थोडं थोडं खायला लागतं, आणि मी तर कात्रीही मागं नेली होती. पोरीची थप्पड झाकताना तिच्या बाजूची एकुलती एक साक्षही मीच पाकळ्यांखाली घातली होती.

"पुन्हा," चन्नबसम्मा म्हणाली.

दोरा पुन्हा तुटला.

"भुजंगराव, तुमी म्हणलाव, दोरा नंतर तुटला."

"वैनी, धकलाधकलीत हात..."

"म्या गुडघ्यांवर रांगून हुडकलं ते. तुमीबी माझ्या शेजारी रांगू लागलाव. हुडकू लागलाव." तिचा आवाज वर गेला नाही. "पैला हात ज्यानं उचलला त्याच्यासंगं संबंध संपला, असं म्या म्हणले व्हते. चार माणसांत म्हणले व्हते. आता आमच्या उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा न्हाई."

"या दीडदमडीच्या शिनेमापायी?" भुजंग उठला, काठी उलटी धरली आणि टीव्हीच्या पडद्यात घातली. काचेला मधोमध कोळ्याचं जाळं पडलं. चित्र जिथं होतं तिथंच थिजलं, ऋतुजाचा हात आणि त्याचा गाल. मग तो तिच्याकडं वळला. राजेश्वर, जो आतापर्यंत आईच्या मागं होता, मधे आला आणि काठी कोपरावर घेतली. हाड मोडल्याचा आवाज टीव्हीबरोबर सनईही बंद पडल्यामुळं सगळ्यांनी ऐकला. तरीही त्यानं दुसऱ्या हातानं चुलत्याची गळपट्टी धरली. फक्त गळपट्टी. दोऱ्याला हात लावला नाही. दोन्हीकडच्या माणसांनी मिळून भुजंगला जिन्यावरून खाली नेलं. किती पायऱ्या पायानं आणि किती पाठीनं, ते मी पाहिलं नाही, पण आवाज बऱ्याच पायऱ्यांचा होता. डबी शोधल्यानंतर दोन कुटुंबांनी मिळून केलेलं ते दुसरं काम.

चन्नबसम्मानं पोराचं कोपर पदरात बांधलं. मग ऋतुजाचा दंड चाचपला. "लागलंय. घरी गेल्यावर शेकू. पिशवी घे तुझी."

"आत्ता?"

"मंग कवा? त्याला एका हातानं जेवता येतंय व्हय?"

जाताना ती माझ्यापाशी थांबली. मी नाकाला रुमाल लावून बसलो होतो.

"लग्नाचा व्हिडिओ नीट करून पाठवा. पाहुण्यांना दाखवायचाय. तारे, बदाम काय लावायचं ते लावा, पान उलटायचंबी बरं वाटतंय. पर तिथं," तिनं फुटक्या टीव्हीकडं बोट केलं, "तिथं काई लावू नका."

मी तिथं काही लावलं नाही. फक्त वेग तसाच हळू ठेवला आणि सनई जरा मोठी केली.